काउंटीत छपराला परमिट लागत नाही म्हणतात. मग काम नीट झालं हे पाहायचं कोणी?

ओसरी

नमस्कार मंडळी. आम्ही मध्य टेक्सासमध्ये शहराच्या हद्दीबाहेर राहतो. पाच एकर जागा, १९९४ साली बांधलेलं एकमजली घर, विहीर आणि सेप्टिक स्वतःचं. घर घेऊन चार वर्षं झाली. गेल्या महिन्यात एका रात्री अर्धा तास गारा पडल्या. सकाळी बाहेर आले तर लिंबाएवढ्या गारा अजून गवतात तशाच होत्या, गाडीच्या बॉनेटवर पोचे पडले होते आणि पन्हळीच्या नळीखाली छपरावरच्या शिंगलची, म्हणजे डांबरी पट्ट्यांची, काळी बारीक खडी ओंजळभर साठली होती.

दोन दिवसांत चार छप्परवाले दारावर येऊन गेले. त्यातला एक फार गोड बोलणारा. म्हणाला, "या काउंटीत परमिट नाही, बांधकामाचा कोड नाही, इन्स्पेक्शन नाही. जुन्यावरच नवीन थर टाकतो, दोन दिवसांत मोकळे. डिडक्टिबलचीही काळजी नको, ते आम्ही बिलात बसवून घेऊ." विमा कंपनीचा अ‍ॅडजस्टर नुकसान पाहून गेला आहे आणि पूर्ण छप्पर मंजूर झालं आहे. घराचा विमा ४ लाख डॉलरचा, गारा-वाऱ्याचं डिडक्टिबल २ टक्के, म्हणजे ८ हजार डॉलर आमच्या खिशातून जाणार.

काउंटीच्या ऑफिसात फोन केला. तिथल्या बाईंनी शांतपणे सगळं सांगितलं. सेप्टिकला परमिट लागतं, पूररेषेत काही करायचं तर लागतं, काउंटीच्या रस्त्याला ड्राइव्हवे जोडायचा तर लागतं. छपरासाठी काही नाही.

बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "बरंच झालं की, खेटे वाचले." मला मात्र रात्रभर झोप नव्हती. इतक्या पैशांचं काम, तेही डोक्यावरचं, आणि ते पाहायला कोणीच येणार नाही? खरंच काही नियम लागू नाहीत का? थरावर थर टाकू द्यावा का? ज्यांनी शहराबाहेर घर घेऊन छप्पर बदललं आहे त्यांनी कृपया लिहा.

मिसूरीवासी

ओसरी, थर टाकू देऊ नका.

आमच्या राज्यात घरांसाठी राज्यव्यापी कोड नाही आणि आमच्या काउंटीनेही स्वतःचा केलेला नाही. आठ वर्षांपूर्वी आम्ही अगदी असंच जुन्यावर नवीन करून घेतलं. दिसायला सुंदर झालं. तिसऱ्या हिवाळ्यात चिमणीशेजारच्या खोलीत छताला पिवळा डाग आला. वर पाहिलं तर चिमणीच्या कडेचं पाणी अडवणारं पत्र्याचं फ्लॅशिंग जुनंच, गंजलेलं, आणि त्यावर डांबरासारखा काळा चिकटा थापलेला. खालच्या फळ्या बोटाने दाबल्या तरी आत जात होत्या. दुरुस्तीला पहिल्या कामाच्या निम्म्याहून जास्त खर्च आला. ज्याने काम केलं त्याचा नंबर बंद झाला होता.

परमिट असतं तर निदान एक माणूस शिडी लावून वर चढला असता. एवढंच सांगायचं होतं.

वासेआढे

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. नऊ वर्षं एका लहान शहराच्या परमिट विभागात नकाशे तपासले आणि इन्स्पेक्शनं केली, आता खासगी काम करतो. ओसरींच्या प्रश्नात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या वेगळ्या केल्या की उलगडा होईल.

अमेरिकेत देशभर लागू असलेला एकच बिल्डिंग कोड नाही. इंटरनॅशनल कोड कौन्सिल ही संस्था दर तीन वर्षांनी नमुना कोड काढते. घरांसाठीचा जो आहे, इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड, त्याला सगळे आयआरसी म्हणतात. नुसता छापला म्हणून तो कुठे लागू होत नाही. राज्याने, शहराने किंवा काउंटीने ठराव करून स्वीकारला की तो तिथला कायदा होतो, आणि स्वीकारताना त्यातली कलमं गाळता किंवा बदलताही येतात. म्हणून दहा मैलांवर नियम पालटतात.

टेक्सासमध्ये शहराच्या हद्दीत आयआरसी आहे. हद्दीबाहेर काउंटीला मुळात अधिकारच मर्यादित आहेत. लोकल गव्हर्नमेंट कोडच्या २३३ व्या प्रकरणात तरतूद आहे की काउंटीने ठराव केला तर १ सप्टेंबर २००९ नंतरच्या नव्या घरांना आयआरसी लागू होतो आणि निदान तीन तपासण्या लागतात: पायाचं काँक्रीट ओतण्याआधी, सांगाडा उभा राहून भिंती झाकण्याआधी आणि काम संपल्यावर. जुन्या घराला जोडकाम करून क्षेत्रफळ किंवा किंमत ५० टक्क्यांहून जास्त वाढत असेल तर तेही त्यात येतं. नुसतं छप्पर बदलणं येत नाही. म्हणजे काउंटीच्या बाईंनी तुम्हाला बरोबर सांगितलं.

पण "परमिट नाही" म्हणजे "कोड नाही" असं त्या छप्परवाल्याने जोडून दिलं, तिथे माझी हरकत आहे. परमिट ही तपासणीची सोय. कोड म्हणजे छप्पर गळू नये, उडू नये म्हणून शिकलेल्या गोष्टी एका जागी लिहिलेल्या. तपासणारा नसला तरी पाऊस तोच असतो. आणि एक गोष्ट तुमच्या हातात आहे: करार. "काम आयआरसीच्या २०२१ च्या आवृत्तीप्रमाणे आणि शिंगल बनवणाऱ्याच्या छापील सूचनांप्रमाणे होईल" अशी एक ओळ करारात घाला. काउंटीने कोड स्वीकारलेला नसला तरी तुमच्या दोघांपुरता तो बंधनकारक होतो. पुढे वाद झाला तर "चांगलं काम" म्हणजे काय यावर भांडत बसावं लागत नाही.

आता थरावर थर. आयआरसीचं छप्पर बदलण्याचं कलम ९०८ आहे. छपरावर आधीच दोन किंवा जास्त थर असतील, जुनं छप्पर पाण्याने भिजलेलं किंवा इतकं खराब असेल की त्यावर नवीन बसवता येणार नाही, किंवा जुनं आच्छादन स्लेट, मातीची कौलं किंवा सिमेंटची कौलं असतील, तर वरून नवीन थर टाकता येत नाही, जुनं काढावंच लागतं. एकच थर असेल आणि तो धड असेल तर कोड अडवत नाही. तरी मी ते सुचवणार नाही. छपराच्या हिशोबात १०० चौरस फुटांना एक स्क्वेअर म्हणतात. एका स्क्वेअरच्या साध्या शिंगलचं वजन साधारण २०० ते २५० पौंड भरतं. तुमचं छप्पर तीस स्क्वेअरचं धरलं तर दुसरा थर म्हणजे वाशांवर सुमारे तीन टनांचा कायमचा बोजा. शिवाय जुने शिंगल काढल्याशिवाय खालच्या फळ्या कशा आहेत ते कळत नाही.

आधी एक काम करा. छपराच्या तिरक्या बाजूच्या कडेला शिडी लावा आणि कडेवरून आडवं पाहा. एकावर एक किती थर आहेत ते तिथे मोजता येतं. मग टॉर्च घेऊन छपराखालच्या पोकळीत, म्हणजे अ‍ॅटिकमध्ये जा. काय दिसतं ते इथे लिहा.

पागोळी

वासेआढे यांच्या सविस्तर प्रतिसादाला अनुमोदन. मी फ्लोरिडाच्या आतल्या भागात, अगदी ग्रामीण काउंटीत आहे. आजूबाजूला गायींची कुरणं, शेजारी अर्ध्या मैलावर. इथे चित्र अगदी उलटं आहे.

ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू वादळाने दक्षिण फ्लोरिडातली घरंच्या घरं उघडी पाडली. त्यानंतर प्रत्येक गावाचा वेगळा कोड ही पद्धत मोडीत निघाली आणि १ मार्च २००२ पासून फ्लोरिडा बिल्डिंग कोड राज्यभर लागू झाला. काउंटी कितीही लहान असो, छप्पर बदलायचं तर परमिट काढावं लागतं. आमच्याकडे इन्स्पेक्टर दोनदा आला. जुनं काढून फळ्या उघड्या पडल्यावर त्या वाशांना नव्याने किती खिळ्यांनी ठोकल्या आहेत ते त्याने पाहिलं, आणि शेवटी पुन्हा आला. पहिल्या वेळी त्याने एका कोपऱ्यावर बोट ठेवून सांगितलं की इथले खिळे वाशाला लागलेच नाहीत, बाजूने हवेत गेले आहेत. ते आम्हाला जन्मात कळलं नसतं.

इथला २५ टक्क्यांचा नियमही माहीत असू द्या. बारा महिन्यांत छपराच्या एका भागाचा २५ टक्क्यांहून जास्त हिस्सा दुरुस्त करायचा असेल तर तो पूर्ण भागच आजच्या कोडला आणावा लागायचा. २०२२ मध्ये कायदा बदलला. छप्पर २००७ च्या किंवा त्यानंतरच्या कोडप्रमाणे बांधलेलं असेल तर आता दुरुस्त केलेल्या हिश्शापुरतंच नव्या कोडप्रमाणे काम पुरतं. जुन्या छपराला पहिला नियम तसाच आहे. विमा कंपनी अर्ध्या छपराचे पैसे देऊ म्हणाली तर हा नियम तिच्यासमोर ठेवा.

ओसरी

वासेआढे, पागोळी, मिसूरीवासी, मनापासून आभार.

आज दोघांनी मिळून पाहिलं. नवऱ्याने शिडी धरली, मी वर चढले. कडेला दोन थर आहेत. वर तपकिरी, खाली राखाडी. घर विकणाऱ्याने २०११ मध्ये "नवीन छप्पर" केल्याचं सांगितलं होतं, ते नवीन म्हणजे जुन्यावर टाकलेलं. म्हणजे त्या गोड माणसाचा थर तिसरा झाला असता.

अ‍ॅटिकमध्ये बाथरूमच्या बाजूला फळ्या काळ्या पडल्या आहेत. टॉर्चने पाहिलं तर बाथरूमच्या पंख्याची मऊ नळी तिथेच इन्सुलेशनवर उघडी टाकलेली. चार वर्षं आमच्या अंघोळीची सगळी वाफ तिथे जात होती. दोन ठिकाणी दिवसाउजेडी बारीक उजेड दिसतो.

वासेआढे

म्हणजे निर्णय झाला. दोन्ही थर काढायचे.

पंख्याची वाफ घराबाहेर सोडली पाहिजे, अ‍ॅटिकमध्ये सोडलेली कोडला चालत नाही. छप्पर उघडं असतानाच त्या नळीला वरून तोंड काढून घ्या, तेव्हा ते काम अगदी थोडक्यात होतं. नंतर करायला गेलात तर नव्या छपराला भोक पाडावं लागेल.

वायुविजनही आताच मोजून घ्या. अ‍ॅटिकच्या क्षेत्रफळाच्या दीडशेवा हिस्सा इतकी मोकळी जाळी हवी. साधारण निम्मी वर आढ्यापाशी आणि उरलेली खाली वळचणीला अशी विभागलेली असेल तर तीनशेवा हिस्सा पुरतो. तुमची अ‍ॅटिक १,८०० चौरस फुटांची असेल तर ६ चौरस फूट. बरेच लोक आढ्यावर लांबच लांब व्हेंट बसवतात आणि वळचणीच्या जाळ्या इन्सुलेशनने बुजलेल्या तशाच ठेवतात. खालून हवा आतच आली नाही तर वरचा व्हेंट काय करणार?

खिळ्यांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथेच सगळ्यात जास्त चुका पाहिल्या. शिंगलच्या एका पट्टीला कमीत कमी चार खिळे. जिथे वारा जोराचा असतो तिथे कंपनीच्या सूचना सहा सांगतात आणि तुमच्या भागात मी सहाच लावून घेईन. खिळा कुठे हवा ते शिंगलवर रेघ मारून दाखवलेलं असतं, बंडलच्या वेष्टनावर चित्रही असतं. रेघेच्या वर ठोकला तर खालच्या थराची कड त्यात धरली जात नाही आणि पहिल्या मोठ्या वाऱ्यात पट्टी निसटते. हवेच्या दाबाची बंदूक जास्त जोरात लावली असेल तर खिळ्याचं डोकं शिंगल फाडून आत घुसतं. तो खिळा मोजायचाच नाही. लांबी अशी हवी की खिळा फळीत पाऊण इंच जाईल, आणि फळी त्याहून पातळ असेल तर आरपार निघेल. आजकालच्या घरांत फळी म्हणजे बहुतेक वेळा ७/१६ इंचाचा ओएसबी (लाकडाचे तुकडे दाबून केलेला बोर्ड), म्हणजे खिळ्याची टोकं अ‍ॅटिकमधून दिसलीच पाहिजेत. हे तुम्ही स्वतः, छपरावर न चढता, टॉर्च घेऊन तपासू शकता.

कडेला ड्रिप एज, म्हणजे पत्र्याची वळवलेली पट्टी, वळचणीलाही हवी आणि तिरक्या कडेलाही. स्वस्तात काम करणारे तिरक्या कडेची खातात.

नवखा२३

मध्येच विचारतो, क्षमा असावी. मी मिनेसोटात आहे. घर माझंच, मग छप्पर मी स्वतःच घातलं तर चालतं का? दोन मित्र मदतीला येतील.

वासेआढे

नवखा, बहुतेक ठिकाणी स्वतः राहत असलेल्या घराचं काम मालकाला स्वतः करता येतं. पण जिथे परमिट लागतं तिथे ते आपल्या नावाने काढावं लागतं आणि तपासणीही तशीच होते. कामाला सुरुवातच केली नाही किंवा मध्ये १८० दिवस काम थांबलं तर परमिट रद्द होतं असं नमुना कोडमध्ये आहे, म्हणून बर्फ वितळण्याआधी काढून ठेवू नका.

तुमच्याकडे महत्त्वाची गोष्ट म्हणजे वळचणीचा बर्फ. घराच्या उबेने छपरावरचं बर्फ वितळतं, पाणी थंड कडेला येऊन पुन्हा गोठतं आणि मागचं पाणी शिंगलखाली उलटं चढतं. म्हणून कडेपासून वरपर्यंत चिकट पडदा घालतात. तो बाहेरच्या भिंतीच्या आतल्या बाजूला निदान २४ इंच गेला पाहिजे. पुष्कळ जण कडेपासून २४ इंच मोजतात. वळचण दोन फूट बाहेर आलेली असेल तर तेवढा पडदा भिंतीपर्यंतही पोचत नाही.

आणि दोर, हार्नेस, आढ्याला घट्ट बसवलेला हुक यांशिवाय मित्रांना वर पाठवू नका. व्यावसायिक कामगारांना सहा फुटांच्या वर पडण्यापासून संरक्षण देणं मालकावर बंधनकारक आहे. मित्रांसाठी तसा कायदा नसेल, पण उंची तीच आहे.

पागोळी

नवखा, फ्लोरिडात मालक-बांधकामदार म्हणून परमिट मिळतं, पण त्यासाठी निवेदनावर सही करावी लागते. काम झाल्यापासून एका वर्षाच्या आत घर विकलं किंवा भाड्याने दिलं तर ते विकण्यासाठीच केलं होतं असं कायदा धरून चालतो. आमच्या ओळखीच्या एकांनी परमिट न काढता छप्पर घातलं आणि घर विकताना ते अडकलं. खरेदीदाराच्या विमा कंपनीने छपराचं वय विचारलं आणि काउंटीच्या नोंदीत तर वीस वर्षांपूर्वीचंच छप्पर. नवीन असल्याचा पुरावा दाखवता दाखवता दोन महिने गेले.

डोंगरपायथा

कॅलिफोर्नियाच्या सिएरा पर्वताच्या पायथ्याशी राहतो, म्हणून आगीची बाजू लिहितो. आमची काउंटी ग्रामीण आहे पण राज्याचा कोड सगळीकडे आहे, परमिटशिवाय छप्पर नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅम्प फायर नावाच्या वणव्यात पॅराडाइज गाव गेलं ते आमच्यापासून फार लांब नाही. त्या धुराने आमच्याकडेही दिवस मावळल्यासारखे झाले होते. घर पेटतं ते बऱ्याचदा ज्वाळेने नाही तर मैलभरावरून उडत आलेल्या निखाऱ्याने, आणि तो निखारा छपरावर, पन्हळीतल्या सुक्या पानांत किंवा व्हेंटच्या जाळीतून आत जाऊन पेटतो. म्हणून इथे धोक्याच्या पट्ट्यात क्लास ए, म्हणजे आगीला सगळ्यात जास्त दाद न देणारं छप्पर आणि निखारे अडवणारे व्हेंट लागतात. टेक्सासच्या सुक्या भागातही वणवे लागतात. ओसरी, आढ्याचा व्हेंट घेताना बारीक जाळीचा घ्या.

गाल्वेस्टनकाठ

टेक्सासच्या किनाऱ्याजवळ कोणी असेल तर वरचं "परमिट नाही" वाचून निर्धास्त होऊ नका. किनाऱ्यालगतच्या १४ काउंटी आणि हॅरिस काउंटीचा काही भाग इथे वादळाचा विमा बऱ्याचदा टेक्सास विंडस्टॉर्म इन्शुरन्स असोसिएशनकडून घ्यावा लागतो, आणि तो हवा असेल तर छपराचं काम वादळाच्या नियमांप्रमाणे झाल्याचं डब्ल्यूपीआय-८ प्रमाणपत्र लागतं. काम चालू असताना तपासणी करून घेतली तर ते सरळ मिळतं. शिंगलांनी झाकून गेल्यावर खालचे खिळे कोणाला दाखवणार? आम्ही आधी अर्ज केला, मगच पहिला शिंगल काढला.

मिसूरीवासी

ओसरी, डिडक्टिबल बिलात बसवून देतो म्हणणाऱ्याला काय उत्तर दिलंत? माझ्या मेहुण्यालाही तेच सांगत आहेत, तो डॅलसच्या बाहेर राहतो.

वासेआढे

हे मी लिहितो, कारण यात घरमालकही अडकतो. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०१९ पासून कायदा स्पष्ट आहे. डिडक्टिबल माफ करणं, भरून देणं किंवा बिल फुगवून त्यात जिरवणं हा गुन्हा आहे. विमा कंपनी काम होईपर्यंत मागे ठेवलेली रक्कम देण्याआधी तुम्ही डिडक्टिबल भरल्याचा पुरावा मागू शकते: चेक, पावती, कार्डाचं बिल. तो नसेल तर ती रक्कम अडकते. मेहुण्यांना सांगा, असं बोलणाऱ्या माणसाला तिथेच नमस्कार करून दार लावा. जो पहिल्या भेटीत विमा कंपनीशी खोटं बोलायला तयार आहे तो तुमच्या फळ्यांबद्दल खरं सांगेल यावर मी विश्वास ठेवणार नाही.

"तुमचा क्लेम आम्हीच कंपनीशी बोलून वाढवून आणतो" हेही टेक्सासमध्ये छप्परवाल्याला चालत नाही. तो मोजमाप देऊ शकतो, दरपत्रक समजावू शकतो. तुमच्या वतीने वाटाघाट करायला पब्लिक अ‍ॅडजस्टरचं लायसन्स लागतं, आणि ज्या घराचं छप्पर तो करणार त्याच घरासाठी त्याला ते कामही करता येत नाही.

टेक्सासमध्ये छप्परवाल्यांना राज्याचं लायसन्स नसतं, हे बऱ्याच नव्या लोकांना ठाऊक नसतं. कोणीही ट्रकवर नाव रंगवून सुरुवात करू शकतो. म्हणून लायबिलिटी विम्याचं प्रमाणपत्र त्याच्याकडून घेऊ नका, त्याच्या एजंटकडून थेट तुमच्या पत्त्यावर मागवा. मागच्या पाच वर्षांतली जवळपासची तीन घरं विचारा आणि गाडी घेऊन पाहून या.

पैशांबद्दल: टेक्सासच्या प्रॉपर्टी कोडप्रमाणे मालकाने कराराच्या १० टक्के रक्कम काम संपल्यावर ३० दिवस राखून ठेवायची असते. छप्परवाल्याने शिंगलच्या दुकानदाराचे पैसे बुडवले तर दुकानदार तुमच्या घरावर दावा लावू शकतो, त्यासाठी ही सोय आहे. शेवटचा चेक देण्याआधी दुकानदाराकडून "पैसे मिळाले, दावा नाही" असं लेखी घ्या.

ओसरी

काम झालं. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

शेवटी बावीस वर्षं याच भागात काम करणाऱ्या माणसाला दिलं. दर त्या पहिल्यापेक्षा दीड हजार डॉलर जास्त. करारातली कोडची ओळ त्याने वाचली आणि म्हणाला, "असं लिहा म्हणणाऱ्या तुम्ही यंदाच्या दुसऱ्या." खराब फळ्यांचा दर आधीच प्रत्येक शीटमागे ठरवून लिहून घेतला, म्हणजे छप्पर उघडं असताना घासाघीस नको.

शिंगल क्लास ४ चे घेतले. वीस फुटांवरून दोन इंची पोलादी गोळा एकाच जागी दोनदा टाकून तडा गेला नाही तर हा दर्जा मिळतो. हप्त्यात सवलतीसाठी त्याने सही केलेला फॉर्म विमा कंपनीला पाठवला आहे. पत्र्याचं छप्पर घ्यायचा विचार होता, पण पॉलिसी नीट वाचली तर पत्र्याला नुसते पोचे पडले आणि गळती नसेल तर भरपाई नाही असं कलम निघालं, म्हणून शिंगलवरच राहिलो.

बाबांनी फोनवर एक सांगितलं होतं. आमच्या गावच्या घराची दर वर्षी मे महिन्यात शाकारणी व्हायची. ते म्हणाले, "कौलं उतरवली की माणसं लगेच नवी चढवायला घाई करतात. तू मध्ये उभी राहा. रीप न् रीप हाताने दाबून बघ, मग पुढे जाऊ दे." मी तसंच केलं. दोन्ही थर निघाल्यावर त्यांना अर्धा तास थांबायला सांगितलं आणि मुकादमाबरोबर प्रत्येक शीटचा फोटो काढला. अकरा शीट बदलाव्या लागल्या. आठ बाथरूमच्या वर, तीन चिमणीपाशी. बाथरूमवरची एक शीट उचलताना तिचे पापुद्रे सुटून हातात आले, आत भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी झाली होती. त्यावर तिसरा थर टाकला गेला असता.

चिमणीला नवं फ्लॅशिंग बसलं. भिंतीलगत प्रत्येक ओळीला एकेक तुकडा, जिन्यासारखा. पंख्याची नळी वरून बाहेर काढली. वळचणीच्या बुजलेल्या जाळ्या मोकळ्या केल्या.

संध्याकाळी टॉर्च घेऊन अ‍ॅटिकमध्ये गेले. खिळ्यांची टोकं ओळीने दिसत होती. उत्तरेच्या बाजूला साधारण सहा फुटांचा एक पट्टा असा सापडला की तिथे टोकंच नव्हती. मुकादमाला दाखवलं. बंदुकीत आखूड खिळ्यांची गुंडाळी चढली होती, दुसऱ्या कामातली उरलेली. त्याने काही न बोलता दुसऱ्या दिवशी सकाळी तेवढे शिंगल काढून पुन्हा बसवले. वासेआढे, तुमच्या त्या एका वाक्यामुळे हे सापडलं. तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

पागोळी

ओसरी, वाचून अगदी बरं वाटलं. फोटो, करार, फॉर्म, पावत्या सगळं एका जागी ठेवा आणि त्याची प्रत ईमेलवरही. तुमच्याकडे काउंटीच्या नोंदीत छपराचं वय राहणार नाही, ते तुमच्या फायलीतच राहील. घर कधी विकलंत तर लागेल.

मिसूरीवासी

फार छान काम केलंत. मेहुण्याला हा धागा पाठवला आहे. एक विनंती, कराराची ती ओळ नेमकी काय लिहिलीत ते इथे द्याल का? त्याचं पुढच्या सोमवारी आहे.

ओसरी

मूळ इंग्रजीत आहे, मथितार्थ देते. मेहुण्यांनी आपल्या एजंटला दाखवून घ्यावं:

"दोन्ही जुने थर पूर्ण काढले जातील. काम आयआरसी २०२१ च्या छपराच्या प्रकरणाप्रमाणे आणि शिंगल कंपनीच्या छापील सूचनांप्रमाणे होईल. दोन्हींत फरक असेल तिथे जास्त कडक असेल ते लागू. प्रत्येक पट्टीला सहा खिळे. वळचणीला व तिरक्या कडेला नवीन ड्रिप एज. सर्व फ्लॅशिंग नवीन. जुनं काढल्यावर मालकाने फळ्या पाहून फोटो काढेपर्यंत नवीन आच्छादन घातलं जाणार नाही. खराब फळी बदलण्याचा दर प्रत्येक शीटमागे ठरलेला. कराराच्या १० टक्के रक्कम काम पूर्ण झाल्यापासून ३० दिवस राखीव; ती दुकानदाराच्या लेखी पावतीनंतर दिली जाईल."

करारात "दोन्ही थर" लिहिण्याआधी त्यांना कडेला शिडी लावून मोजायला सांगा. एकच असेल तर तसं लिहा. आमचा शेवटचा चेक येत्या गुरुवारी द्यायचा आहे, दुकानदाराचा कागद कालच आला.

काल रात्री पहिला मोठा पाऊस झाला. सकाळी अ‍ॅटिकमध्ये जाऊन चिमणीपाशी आणि बाथरूमवर हात फिरवून पाहिला, दोन्हीकडे कोरडं आहे.